शिंगट्यांच्या मिशा

भालचंद्रने माशांच्या टाकीत मूठभर खडी टाकली, तशी खुर्चीतली शशिकला कळवळली.

"अहो, जीभ सोलवटतेय माझी! बारीक वाळू घाला."

आजारपणात बायकोच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. आता डॉक्टरांनी एक चिप तिच्या जिभेखाली बसवली होती आणि तिच्या जोडीच्या चिपा तळाशी चरणाऱ्या दोन शिंगटी माशांच्या मिशांत. मिशांना जे लागेल, ते तिला कळणार होतं.

भालचंद्रने खडी उपसली, धुतलेली वाळू पसरली आणि पाणवनस्पती रोवायला घेतल्या. मासे वाळूत मिशा फिरवू लागले.

"काही लागतंय का गं?"

"माती. आणि काहीतरी हिरवं, कोवळं."

शेवटचं रोप खोचताना मासे त्याच्या बोटांना मिशा घासून गेले. शशिकला ताठ बसली.

"तुम्ही मिसळ खाऊन आलात!"

भालचंद्र ओशाळला. तिला चव नाही म्हणून वर्षभर तोही अळणी जेवत होता, निदान घरी तरी. त्याने गडबडीने हात बाहेर ओढला.

"राहू द्या हो हात," डोळे पुसत ती म्हणाली, "आत्ता कुठे तर्री लागायला लागली होती."