मेंदूचं कवच

तिसरं इंजेक्शन देऊनही मृण्मयीला भूल चढेना. ती ऑपरेशनच्या टेबलावर टक्क जागी होती.

"तुमच्या मेंदूतलं कवच भुलीच्या औषधालाही विषच समजतंय," डॉक्टर पेठकर म्हणाल्या. "फुफ्फुसातली गाठ काढायची तर आधी ते उतरवावं लागेल."

"मग मला पुन्हा फिट येईल?"

"येईल. आणि कवच दुसऱ्यांदा बसवता येत नाही."

दोन वर्षांपूर्वी कवच बसवल्यापासून तिला एकदाही फिट आली नव्हती. म्हणून तर घरचे तान्ह्या रेवाला तिच्या एकटीच्या हाती सोपवत.

"उतरवा," ती म्हणाली. "पण आधी माझ्या लेकीला आणा."

नवरा रेवाला घेऊन आला. मृण्मयीने उभं राहून तिला छातीशी धरलं. नवऱ्याने नकळत रेवाच्या खाली हात पसरले.

"उद्यापासून धर," ती म्हणाली. "आज नको."