ओहोटीचा दोर

हुकूम सोडणाऱ्यानं समुद्र कधी बघितला नव्हता, हाच त्याचा गुन्हा. बेळगावहून आलेल्या साहेबाला रापणीचं मोठं जाळं दोरांनी किनाऱ्यावर ओढताना बघायची हौस. म्हणून तो न्याहारी उरकून येईपर्यंत दोराला कुणी हात लावायचा नाही! भरतीत टाकलेलं जाळं वेंगुर्ल्याच्या पाण्यात तसंच उभं राहिलं. भरती सरली.

साहेबाची न्याहारी आटपत आली म्हणून पट्टेवाल्यानं शेवटी ‘ओढा’ असा हात केला, तेव्हा ओहोटी लागली होती.

रापणीच्या दोराला हात लावेल त्याला वाटा, मग तो कुणी का असेना. साहेबाच्या सामानाची गाडी हाकत आलेला, खानापूरच्या जंगलातला भरमूही पुढं झाला.

"घाटी रे! जा, ओंडके ओढ," जाळ्याचा म्होरक्या जोतिबा हसला.

"वडून तर बघू द्या, अण्णा." जंगलात लाकूड ओढताना बांधतात तसा भरमूनं दोर कमरेला आवळला, टाचा वाळूत रोवल्या.

"कमरेक नको! लाकूड मेलेला. दर्यो जितो आसा!" जोतिबा ओरडला.

सोडायला वेळच मिळाला नाही. लाट नाही, वारा नाही. नुसतं सपाट पाणी मागं सरलं आणि चाळीस माणसं वाळूवरून फरफटत निघाली. पलीकडच्या टोकाचा दोर सुटला. इकडचेही एकेक हात सुटले. भरमू तेवढा बांधलेला. पायाखालची वाळूच चालायला लागली. गुडघे गेले, कंबर गेली, छाती पाण्यात. घाटावरचं पाणी उतार बघून जातं, एवढंच त्याला ठाऊक. हे कुणाच्या हाकेनं निघालं होतं? ओरडायचं सोडून तो बघतच राहिला.

जोतिबा पाण्यात शिरला. एक डाव त्यानं जाळ्याकडं बघितलं. मग कमरेचा कोयता दोरावर मारला. साऱ्या वाडीनं वर्षभर विणलेलं जाळं मासळीसकट निघून गेलं.

तेवढ्यात साहेब आला. मागं खुर्ची, छत्री.

"साहेब विचारतात, जाळं कुठाय?" पट्टेवाला खेकसला.

वाळूवर ओढून आणलेला भरमू खोकत उठला. कमरेची कातडी सोलली होती. पाणी लांब गेलं होतं, अजून जातच होतं. त्याची नजर तिथनं हलेना.

"जाळं ऱ्हाऊ दे. एवढा समिंदर उठून निघाला, तवा तुमचा साहेब खात बसलाता. ह्या पान्याला थांब म्हणून कोण सांगणार हुतं रं? इचार त्याला. उत्तर घिऊन ये. आमी हितंच हुबं हाय."