पाहुण्यांदेखत

“फ्रिज तुमचाच ना?” मोजणीवाल्या बाईंनी विचारलं, आणि मुलीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं.

फ्रिज समोरच्या गिरणीवाल्याचा होता. सकाळीच चौघांनी उचलून आणला होता. खुर्च्या शिकवणीच्या वर्गातल्या, पंखा चुलतजावेचा. आणि त्याच खुर्च्यांवर मुलाची आई, मुलाचे मामा आणि खुद्द मुलगा चहाचे कप सांभाळत बसले होते. या बाई तासाभराने आल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण सरकारी माणूस बोलावल्यावर यायचा नाही, आणि नको तेव्हा दारात हजर.

मागास वस्त्यांची यादी लागायची होती. यादीत बसेल त्या वस्तीला निधी, बाकीच्यांनी पुढच्या खेपेची वाट पाहायची. ही वस्ती अगदी काठावर, म्हणून तिची फेरतपासणी. त्यासाठी संगणकाने जी मोजकी घरं काढली त्यांत हे घर आलं होतं. वस्तीत दवाखाना होणार की नाही, ते एवढ्याच घरांच्या उत्तरांवर ठरणार होतं. पहिल्या मोजणीच्या वेळी हीच आई दारोदार फिरली होती. “लाज धरू नका, नाही ते नाहीच सांगा,” असं तिने एकेका बाईला बजावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

“बाई, उद्या आलात तर नाही का चालणार?” तिने हळूच विचारलं.

“आज शेवटचा दिवस, मावशी. संध्याकाळी यादी पक्की होते. एक घर राहिलं तरी अख्खी वस्ती बाद धरतात.”

“विचारू द्या की,” मामा मोठ्या मनाने म्हणाले. “आपल्यात काय लपवायचंय?”

मुलीच्या आईने मुलीकडे पाहिलं. मुलगा तिला आवडला होता. ती तसं बोलली नव्हती, पण सकाळपासून एकदाही भांडली नव्हती, त्यावरून आईने काय ते ओळखलं होतं. आई मुलाच्या घरी जाऊन आली होती. भरलेलं घर होतं ते. त्या घरापुढे उणं दिसू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“आमचाच,” ती म्हणाली. बाईंनी टॅबवर बोट टेकवलं.

“घरात नळ?”

“आहे.” नळ खरंच होता. त्याला पाणी नव्हतं, पण ते कोण विचारतंय.

“संडास घरचा?”

“हो.”

मामांनी समाधानाने मान डोलावली. प्रत्येक ‘हो’ला दवाखाना लांब जात होता. मुलीच्या आईला ते कळत होतं. पण एकदा सुरू केल्यावर आता मागे कसं फिरायचं, ते तिला सुचत नव्हतं.

“मागच्या काही वर्षांत वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे घरात कोणी दगावलं?”

मुलीचे वडील झोपेत गेले, असं तिने पाहुण्यांना सांगितलं होतं. खरं तर ते दम्याने तडफडत गेले होते. मोठ्या इस्पितळाकडे जाणाऱ्या गाडीत, डोकं हिच्या मांडीवर. “आलंच जवळ, आलंच,” असं ती त्यांना सांगत राहिली होती, आणि इस्पितळ काही जवळ नव्हतं. ती त्यांच्याशी बोलली ते शेवटचं, आणि तेही खोटं.

तिला रडू आलं नाही. तिला राग आला, तोही स्वतःचाच.

“बाई, पुन्हा पहिल्यापासून विचारा,” ती म्हणाली.

बाईंनी मान वर केली. मुलीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“सांग, आई,” ती म्हणाली.

फ्रिज? नाही, समोरच्यांचा. नळाला पाणी? नाही. संडास? सगळ्यांचा मिळून, गल्लीच्या टोकाला. शेवटच्या प्रश्नाला ती “हो, माझा नवरा,” एवढंच म्हणाली.

मामा उगाच पंख्याकडे बघू लागले. मुलाने मान खाली घातली. मग मुलाची आई उठली. झालं, जमत आलेलं मोडलं, असं मुलीच्या आईच्या मनात आलं.

पण मुलाची आई दाराकडे गेली नाही. ती मोजणीवाल्या बाईंसमोर येऊन उभी राहिली.

“आमच्याकडेही आली होती तुमची माणसं फेरतपासणीला,” ती म्हणाली. “ह्या ताई आमचं घर बघायला येणार होत्या त्याच सकाळी. सोफा, टीव्ही, सगळं मागून आणून मांडलेलं. म्हटलं, ‘नाही’ सांगितलं आणि ह्यांच्या कानावर गेलं तर? विचारतील त्याला आहे, आहे म्हणत गेले.” तिने पदराने तोंड पुसलं. “लग्नाचं आपण नंतर बोलू, ताई. आधी, बाई, माझंही पहिल्यापासून विचाराल का?”

“कुठली वस्ती तुमची?”

तिने सांगितलं. बाईंचं बोट टॅबवरच थांबलं. त्यांनी एकदा मुलाच्या आईकडे पाहिलं, एकदा मुलीच्या आईकडे.

“आता नाही विचारता येणार,” त्या म्हणाल्या. “तुमची वस्ती बाद झाली, म्हणून तर तिच्या जागी ही तपासणीत आली.”