माझीही ऐक

१९७८ साल. पुण्याच्या मेडिकल कॉलेजातली शेवटची जागा कुंदाला लागली होती. उद्यापर्यंत सरकारी दवाखान्याचा तब्येतीचा दाखला दिला नाही, तर ती वेटिंग लिस्टमधल्या पहिल्याला जाणार होती. तो पहिला म्हणजे तिच्याच वर्गातला श्रीधर, आणि नाशकात दाखले देणारे सरकारी डॉक्टर म्हणजे श्रीधरचे वडील.

"छातीत दोष आहे एवढं खरडलं, की झालं पोरीचं कल्याण!" बाहेरच्या बाकावर कुंदाची आई कुजबुजली.

"अगं, गप बस की जरा," वडील म्हणाले खरे, पण हातातली टोपी त्यांनी पार पिळून काढली होती.

आत डॉक्टरांनी कुंदाच्या छातीला नळी लावली ती काढीचनात. तिचं काळीज असं उडत होतं, की कपाटातल्या बाटल्यांनाही ऐकू जावं. आवरायला जावं, तर आणखीच उसळायचं.

"धडधड फार आहे," डॉक्टर म्हणाले.

"घाबरलेय हो, म्हणून," ती कशीबशी बोलली.



डॉक्टरांनी नळी आपल्या कानांतून काढून तिच्या कानांत घातली, दुसरं टोक स्वतःच्या छातीवर धरलं, "माझीही ऐक," म्हणाले आणि दाखल्यावर सही केली.