पोपटाची चोच

बायको कस्तुराबाई जाऊन चार वर्षं झाली, तरी गंगाखेडच्या घरात दिनकरराव अजून तिच्याच हुकमात होते. तिचा जुना मण्यांचा बटवा टांगायचा नाही, मलमलीत आडवा ठेवायचा, त्याला ओल लागू द्यायची नाही. ती स्वतः मात्र दोरा ओठांत ओला करून सुईत घालायची.

बटव्यावरच्या पोपटाची चोच उसवली होती. सुटलेले नऊ मणी कपाटात, बटव्याशेजारच्या डबीत होते. आता रोज सकाळी त्यातला एक मणी चोचीत ओवलेला दिसायचा. चोरी म्हणावी, तर काहीच जात नव्हतं.

"सविता, तू ओवायलीस का गं?" त्यांनी शेजारणीला विचारलं.

"न्हाई काका. कपाटाची चावी तर तुमच्याच कडदोऱ्याला हाय."

आठ मणी ओवून झाले. डबीत एकच उरला. काम संपल्यावर कस्तुराबाई कशाला येईल?

म्हणून भर दुपारी दिनकररावांनी बटवा मांडीवर घेतला आणि चोच पुन्हा उसवायला सुरुवात केली. आठवा मणी काढायला त्यांनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

टोक ओलं होतं. आणि कोमट.