काशीला सोडलेला राग

"तुमचा निळा कोट मी भांड्याच्या बदल्यात भांडीवालीला दिला," निरुपमाबाईंनी एका दमात सांगून टाकलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यांनी एक डोळा किलकिला केला. शरच्चंद्रराव खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होते. रेल्वेत गार्ड होते तेव्हापासूनचा तो कोट. नुसता कुणी झटकायला घेतला तरी घर डोक्यावर घ्यायचे.

"कोट म्हणजे देह गं," ते म्हणाले. "जीर्ण झाला, गेला. आत्मा जागच्या जागी. त्याला ना बटण, ना खिसा."

झालं! काशीहून आल्यापासून पाच दिवस हेच. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायची रीत. बरोबरच्या बडोदेकरांपैकी कुणी पेरू सोडला, कुणी वांगं. यांनी काय सोडावं? राग! तेव्हापासून आमटी अळणी झाली तरी 'छान'. रिक्षावाल्याने सयाजीगंज सांगून अलकापुरीला नेलं तरी 'त्याची इच्छा'.

"बहु सरस! सुटलात की तुम्ही," शेजारच्या नयनाबेन म्हणाल्या.

सुटल्या कसल्या, डोंबल! चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडून संसार केला, तो माणूसच घरात नव्हता. हा कोण परका साधू आणून बसवला, या धास्तीने निरुपमाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पुण्याला मुलाला फोन केला, तर विहंग म्हणे, "आई, बाबा बदललेत. आनंद मान." शेवटचा उपाय म्हणून आज मन घट्ट करून त्यांनी कोट दिला, आणि तोही वाया गेला. त्यांना रडूच फुटलं.

"रडतेस काय? देहाच्या बदल्यात मिळालं काय, ते तरी दाखव," राव प्रेमाने म्हणाले.

बाईंनी डोळे पुसत स्टीलचा डबा पुढे केला.

रावांनी झाकण लावलं. बसेना. फिरवून लावलं, तरी बसेना. डबा गुडघ्यांत धरून दाबलं, तर झाकण टणकन उडून टीपॉयखाली गेलं. त्यांच्या कपाळाची शीर टरारली.

"अगं, अक्कल कुठे ठेवली होतीस? सोन्यासारखा कोट दिलास आणि झाकण दुसऱ्याच डब्याचं घेतलंस? तपासून घ्यायला काय झालं होतं? कुठाय ती भांडीवाली? बोलव तिला! बोलव आधी!"

खाली रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी माना वर केल्या.

निरुपमाबाईंनी लगबगीने फोन लावला.

"विहंग, बाबा आले रे काशीहून! हो, आत्ता, या मिनिटाला. थांब, तूच ऐक." आणि त्यांनी फोन नवऱ्याच्या दिशेने उंच धरला.