घरचं खाणं

बँकॉकच्या उन्हात नर्मदाबाईंना सकाळपासून मळमळत होतं. जिथे पाहावं तिथे हातगाडीवर तळलेल्या अळ्यांचे, टोळांचे ढीग, आणि माणसं ते फुटाण्यांसारखे कुरुमकुरुम चावत होती.

"शी शी शी! मितेश, मला आपली वसईच बरी रे बाबा. बघूनच आतडी गोळा होतात!"

"आई, हळू बोल. तिला भाषा कळत नसली तरी तुझं तोंड दिसतंय."

ती म्हणजे गाईड पोरगी. दिवसभर ती नर्मदाबाईंच्या डोक्यावर छत्री धरून चालली होती, पण तिने आणलेल्या शहाळ्यालाही त्यांनी तोंड लावलं नव्हतं. संध्याकाळी तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून डबा काढला. आपल्या वाडीतली केळी सोलून, स्वतः अंगणात वाळवून केलेली सुकेळी त्यात होती. त्यातलं चांगलं जाडजूड निवडून त्यांनी मायेने तिच्या हातावर ठेवलं.

"घे गं बाय, घरचं आहे."

पोरीने ते तपकिरी, सुरकुतलेलं, चिकट प्रकरण दोन बोटांत लांब धरलं आणि मितेशला हळूच इंग्रजीत विचारलं,



"तुमच्याकडे हा किडा कच्चाच खातात?"